तुझ्या वाटणीचा शब्द

"नदी उलटली, गरीब झाली. दोन अक्षरं." मास्तरीणबाईंनी पुन्हा वाचलं आणि पेन्सिल नवऱ्याच्या बोटांत घट्ट बसवली. "अहो, नदी उलटी वाचा. दी... पुढं?"

"नदी," मास्तर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. सारा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. पण पेपरातली गूढ शब्दकोडी ते अशी चुटकीसरशी सोडवायचे की गल्लीनं त्यांना कोडेमास्तर करून टाकलं, आणि बायकोला फुकटात मास्तरीणबाई. रोज सकाळी दोघांत एक पेपर, एक पेन्सिल. उत्तर सापडलं की मास्तर मांडीवर थाप मारून कोडं रचणाऱ्याला म्हणायचे, "लबाड लेकाचा!" नियम एकच होता. शेवटचा शब्द समोरच्यासाठी सोडायचा, येत असला तरी. अबोला असायचा त्या दिवशीसुद्धा तो सोडलेला असे.

आता मास्तरांना स्वतःची चप्पल ओळखू येत नव्हती. परवा गॅस उघडा राहिला, आणि लेकीनं वृद्धाश्रमात खोलीच ठरवली. मास्तरीणबाई रडल्या, भांडल्या, शेवटी इरेला पेटून बोलून बसल्या, "अजून कोडं सोडवतात ते. तुझ्यासमोर सोडवतील."

"सोडवलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही," लेक म्हणाली होती.

म्हणून सकाळपासून ही घोकंपट्टी. एव्हाना पोपटसुद्धा बोलला असता, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

लेक आली ती गाडी खाली थांबवूनच. वडिलांसमोर बसून म्हणाली, "बाबा, दाखवा बघू."

मास्तरांनी पेन्सिल उचलली आणि भराभर चौकटी भरायला लागले. लेकीच्या भुवया वर गेल्या. मास्तरीणबाईंच्या जिवात जीव आला. मग त्यांनी वाकून पाहिलं. म, म, ट, का, पुन्हा म. हाताला येईल ते अक्षर. 'दीन'च्या जागी 'टम'.

लेकीनं मान फिरवली. "आई, बॅग भरलीय ना त्यांची?"

संपलं होतं सगळं.

मास्तर तळाच्या ओळीवर येऊन थांबले. शेवटच्या शब्दाच्या उरलेल्या रिकाम्या चौकटीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग पेपर बायकोकडे सरकवला आणि त्यावर पेन्सिल ठेवली.

"हा तुझा."

वेल उलटली, ठेका धरू लागली. उत्तर बाईंना सकाळीच सुचलं होतं, लता उलटून ताल. पण पहिल्या चौकटीत वरच्या शब्दातून मास्तरांचा 'ट' उतरला होता. तो खोडल्याशिवाय ताल बसणार नव्हता. रबर हाताशीच होतं, आणि चुकीचं अक्षर बाईंनी जन्मात ठेवलं नव्हतं.

त्यांनी 'ट' तसाच ठेवला आणि शेजारी 'ल' लिहिला.

"जमलं?" मास्तरांनी विचारलं.

"जमलं की."

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "लबाड लेकाचा!"

लेक पेपरावर वाकली. "आई, हे सगळं चूक आहे गं."

"मग खोड तू," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि रबर तिच्यापुढे ठेवलं.

खाली गाडीवाल्यानं हॉर्न दिला. थोड्या वेळानं पुन्हा दिला. लेकीनं रबराला हात लावला नाही.