पहिलं नको

करीवाला एकदाच विचारायचा. भाताचं पातेलं कडेवर मूल घ्यावं तसं धरून टेबलापाशी यायचा, म्हणायचा, "भात?" आणि समोरचा "नको" म्हणाला की "बरं" म्हणून पुढच्या टेबलाकडे. "घ्या हो थोडा", "एवढासा तर घ्या", असलं काही त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. नवीन माणसाला वाटायचं, काय तुसडा आहे हा! जुनी माणसं सावध असायची. भूक असेल तर पहिल्या फटक्यात हो म्हणून टाकायचं, एवढं त्यांना कळून चुकलं होतं.

हॉटेलला खरं म्हणजे एक लांबलचक नाव होतं, पण ते त्यालाही धड आठवत नसावं. बोर्डावर मोठ्या अक्षरांत "करी" लिहिलेलं, म्हणून तो करीवाला. "करी नावाचा पदार्थ जगात नाही," असं तो स्वतःच सांगायचा. "घरी खाल्ला की रस्सा, बाहेर येऊन खाल्ला की करी. पण बोर्डावर मी रस्सा लिहिलं असतं तर तुम्ही आला असता का?" लाँड्री आणि किल्ल्या करून देणाऱ्याची टपरी यांच्या मध्ये अंग चोरून बसलेलं ते हॉटेल होतं. टेबलं मोजकीच. रांधायचा तो आणि वाढायचाही तोच.

दर बुधवारी ताई तिथे जेवायला जायची. तिला नेणारा तिचा भाऊ. त्याची पन्नाशी उलटली, पोट सुटलं, डोक्यावरचं छप्पर उडालं, तरी घरात तो धाकटाच. तो, त्याची बायको आणि ताई, असा दर बुधवारचा नेम होता. ताई चौकातल्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दांड्या वाकवणं, स्क्रू बदलणं, नाकावरचे पॅड बसवणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लग्न केलेलं नव्हतं. केलं नव्हतं म्हणजे राहून गेलं होतं, आणि ते कसं राहून गेलं तेही सांगायलाच हवं.

ताई लहान असताना त्यांच्या घरात पहिल्या विचारण्याला हो म्हणणं हा हावरटपणा समजला जाई. आई विचारणार, आपण नको म्हणणार. आई पुन्हा विचारणार, आपण "अगं, नको" म्हणणार. मग आई विचारण्याच्या भानगडीत न पडता वाढूनच मोकळी व्हायची. म्हणजे नको हा काही नकार नव्हता, ती बोलण्याची सुरुवात होती. पुढे आई गेली, आणि विचारणारी ताईच उरली. धाकट्याला ती पुन्हापुन्हा विचारायची, त्याच्या मागे ताट घेऊन फिरायची. तिला मात्र कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. "ताईला काही नको असतं," असं घरात ठरून गेलं. नवीन शाल? नको. सहलीला येतेस? नको. एक चांगलं स्थळ सांगून आलं, तेव्हाही सवयीने तिच्या तोंडून नको गेलं, आणि धाकट्याने दुसऱ्याच दिवशी तसं कळवून टाकलं. एरवी दिवा बदलायला महिना लावणारा माणूस! त्या दिवशी ताईच्या हातून दोन कप फुटले. साबणाने निसटले, असं ती म्हणाली, आणि धाकट्याने तेही खरं मानलं. त्याचा जीव होता तिच्यावर, तीच तर पंचाईत होती. दुष्ट भाऊ असता तर भांडता तरी आलं असतं.

तर अशी ताई आणि असा करीवाला. व्हायचं तेच झालं. पहिले काही बुधवार ती अर्धपोटी घरी गेली आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या पाव खाल्ला. करीवाला "भात?" म्हणायचा, ती "नको नको" म्हणायची, तो "बरं" म्हणायचा आणि ताईचे डोळे त्या पातेल्यामागून पुढच्या टेबलापर्यंत जायचे. हे त्याने कधी पाहिलं कोण जाणे. त्याने नियम मोडला नाही. पण एका बुधवारी भाताची वाटी आणि रश्शाचं छोटं भांडं त्याने तिच्या कोपराशी आणून ठेवलं आणि म्हणाला, "हे इथे राहू दे जरा. आत जागा नाही." भांडं रिकामं झालं. पुढच्या बुधवारीही आत जागा नव्हती, आणि त्याच्या पुढच्याही.

"याचं स्वयंपाकघर फारच लहान आहे हं," धाकटा म्हणाला. त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर ओशाळला असता.

चष्मा करीवाल्यालाही होता. दिवसभर वाफेवर वाकून तो ढिला व्हायचा आणि नाकावरून घसरायचा, म्हणून तो ताईच्या दुकानात यायचा. ताईने पहिल्याच दिवशी त्याला आरशासमोर बसवून सांगितलं, "तुमचा डावा कान उजव्यापेक्षा वर आहे."

"म्हणजे चष्मा सरळ आहे, मीच तिरका," तो म्हणाला.

"सगळेच असतात. तुम्ही जरा जास्त."

तो हसला. त्याला हसताना तिने प्रथमच पाहिलं. हळूहळू तो चष्म्याला गरज असेल त्यापेक्षा जास्त वेळा यायला लागला आणि ताई घट्ट असलेले स्क्रू पुन्हा घट्ट करायला लागली. अशाच एका दुपारी त्याने एकदाच विचारण्याचं कारण सांगितलं. तरुणपणी तो दुसऱ्याच्या हॉटेलात ताटं घासायला होता. तिथला मालक मोठा आग्रही, लोक नको नको म्हणाले तरी वाढायचा, आणि ते सगळं अन्न मागच्या दारी याच्या हाताने डब्यात जायचं. "तेव्हाच ठरवलं," तो म्हणाला, "माणूस नको म्हणाला की विषय संपला. त्याच्या शब्दाला मान द्यायचा." बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती त्याची. मुलगी लांब राहायची, फोन करायची. हेही त्याने त्याच दुपारी सांगितलं, चष्मा पुसत.

मग एका बुधवारी धाकटा सर्दीने आडवा झाला, बायको त्याच्या उशाशी अडकली, आणि ताई एकटीच जेवायला गेली. करीवाल्याने वाटी ठेवली, भांडं ठेवलं, पण स्वतः गेला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"सोमवारी मी बंद असतो," तो म्हणाला. "म्हणजे दुकान. सोमवारी मी घरी माझ्यापुरतं करतो. तुम्ही याल जेवायला?"

ताईला जायचं होतं. इतकं जायचं होतं की हातातला घास तसाच राहिला. आणि तिच्या तोंडून गेलं, "नको, नको. कशाला उगाच त्रास तुम्हाला!"

"बरं," तो म्हणाला आणि पातेलं उचलून पुढच्या टेबलाकडे गेला.

ती वाट बघत बसली. तो पुन्हा येईल, पाणी विचारायला तरी येईल. वाटी चमच्याने खरवडून झाली. भाताची वाटी कोपराशी ठेवून जाता येते, पण आमंत्रण असं ठेवून जाता येत नाही. जाताना तिने दारापाशी उगाच छत्री शोधण्यात वेळ काढला. करीवाला आत पातेली घासत होता, त्याची पाठ तिच्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने एका गिऱ्हाइकाच्या फ्रेममध्ये दुसऱ्याच्याच काचा बसवल्या. संध्याकाळी धाकट्याच्या तब्येतीची चौकशी करायला म्हणून गेली आणि भावजय चहा गाळत होती तिला सगळं सांगून बसली.

"आणि तुम्ही नको म्हणालात?" भावजयीने गाळणी खाली ठेवली. "अहो ताई!"

"पहिल्यांदाच कोणी हो म्हणतं का गं?"

"तो माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही! अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे!"

पांघरुणातून धाकट्याचा चोंदलेला आवाज आला. "मग झालं की. ताईला कुठे काही हवं असतं? तिला काही नकोच असतं."

ताई तिथेच उभी राहिली. मग वळली, आणि आयुष्यात पहिल्यांदा धाकट्यावर ओरडली.

"मला सगळं हवं होतं! शाल हवी होती. सहलीला यायचं होतं. तो लग्नाचा मुलगा मला आवडला होता रे! तुम्ही एकदा विचारायचात आणि सुटायचात. आईसारखं पुन्हा विचारलं असतंस तर काय जीभ झिजली असती तुझी?"

धाकटा पांघरूण बाजूला करून उठून बसला. नाक लाल, डोळे लाल, आणि तोंडाचा आ झालेला. त्याला सुचलं ते त्याच्यासारखंच होतं.

"चहा घेतेस?" त्याने विचारलं.

"नको," ताई म्हणाली. रागात होती.

"घे ना."

"नको म्हटलं ना."

"ताई, घे गं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. तो सर्दीने फाटला असं तो नंतर सांगत असे. स्वतःचा कप त्याने तिच्या हातात दिला. ताईने घेतला. रडत रडत प्यायली. एवढा गोड चहा तिने कधीच प्यायला नव्हता, कारण धाकट्याला साखर भरपूर लागायची आणि आजवर तो कप दुसऱ्या कोणाला मिळालाच नव्हता.

शनिवारी दुपारी हॉटेल उघडायच्या आधी ताई तिथे गेली. आतल्या बाजूला करीवाला स्टुलावर बसून कांदे सोलत होता. चष्मा पार नाकाच्या टोकावर आलेला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सोमवारचं," ताई म्हणाली. "मी येते."

त्याने सुरी थांबवली. तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कांद्याकडे पाहिलं. "नको," तो म्हणाला. "राहू द्या. माझं मन राखायला येऊ नका. तुम्ही नको म्हणालात, मी ते ऐकलं. माणसाचा शब्द धरायचा असतो."

"माझा पहिला शब्द धरायचा नसतो."

"मग कितवा धरायचा?"

ताईने खरंच विचार केला. "मलाही नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "आई गेल्यापासून परवापर्यंत तिथवर कोणी आलंच नव्हतं."

करीवाला अर्धवट सोललेला कांदा हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तरीपण नको. घर सगळं पसरलंय."

"असू दे."

"भिंतीचा रंग उडालाय."

"मी रंग खायला येत नाहीये."

"खुर्ची एकच आहे हो! तुम्ही हो म्हणाला असतात तर दुसरी आणणार होतो. तुम्ही नाही म्हणालात, मी नाही आणली."

ताईला हसू फुटलं. एवढा मोठा, शब्दाचा पक्का माणूस, आणि त्याचं नको अगदी तिच्या नकोच्याच घरातलं निघालं होतं. असलं नको ती जन्मभर म्हणत आली होती. याच्यापुढे तोंड फिरवून निघून जायचं नसतं, एवढं तिच्याइतकं कोणाला कळणार?

"इथली एक खुर्ची उचलून नेऊ," ती म्हणाली. "मी एका बाजूने धरते."

त्याने सुरी खाली ठेवली. हात कांद्याचे असल्यामुळे त्याला चष्मा वर करता येईना, म्हणून तो मनगटाने ढकलायला लागला. ताईने पुढे होऊन दोन बोटांनी तो नीट बसवला, डावीकडे किंचित वर. दुकानात हे तिने शेकडो नाकांवर केलं होतं, पण या वेळी तिने बोटं लगेच मागे घेतली नाहीत.

"एक सांगून ठेवतो," करीवाला म्हणाला. त्याचा आवाज कांद्याने घोगरा झाला होता, असं आपण समजू. "घरी मी माझ्यापुरतं करतो ते फार तिखट असतं. इथल्यासारखं नाही. तुम्हाला ते चाले..."

"हो," ताई म्हणाली.

त्याचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.