मधल्या जागेचा स्क्रू

पोटदुखीवर दातांच्या डॉक्टरकडे औषध नसतं. किल्लीची पोटदुखी तर खुद्द दातांचा डॉक्टरच होता.

किल्ली म्हणजे बाजारातला कुलूपवाला. तिसरीत असताना त्याने बेकरीवाल्याच्या मुलाचं नाव 'पाव' ठेवलं आणि बदल्यात त्याला 'किल्ली' हे नाव मिळालं. तेव्हापासून दोघं जिवलग. दरम्यान लग्नं झाली, केस गेले, पण दोघांत तिसरा कोणी आला नव्हता. मग गेल्या वर्षी पावाची अक्कलदाढ दुखली. एरवी दाढ काढली की माणूस डॉक्टरला विसरतो. पाव दाढ देऊन डॉक्टरच घेऊन आला.

आणि आता तिघं एका होडीत होते. मुलांच्या दवाखान्यासाठी पाच दिवसांत नव्वद किलोमीटर वल्हवायचं आणि त्यासाठी लोकांनी देणगी द्यायची, ही कल्पना डॉक्टरची. कल्पना चांगली होती, याचाच किल्लीला जास्त राग होता.

वल्हवणारे जायचं असतं तिकडे पाठ करून बसतात. आपण कुठे चाललोय हे फक्त सुकाणू धरणाऱ्याला दिसतं, आणि ते काम पावाच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे सगळ्यांच्या ताईकडे होतं. तिच्या समोर पाव, पावाच्या मागे डॉक्टर, डॉक्टरच्या मागे, टोकाला, किल्ली. त्यामुळे चार दिवस किल्लीने नदी अशी पाहिलीच नाही. त्याने डॉक्टरची पाठ पाहिली. रुंद, सुखी पाठ. मानेवर चार तीळ होते आणि चारही त्याला आवडले नाहीत.

पाव मान वळवून काहीतरी सांगायचा आणि डॉक्टरची पाठ हसायची. वल्ह्यांच्या करकरीत शब्द ऐकू येत नसत, खांदे तेवढे हलताना दिसत.

"काय झालं रे?" किल्ली ओरडायचा.

"काही नाही!" दोघं एका सुरात म्हणायचे. बारा वर्षं संसार केलेली जोडपीही इतक्या एका सुरात बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तर डॉक्टर त्याला चक्क 'पाव' म्हणाला. किल्लीचं वल्हं हवेतच राहिलं.

"ताई, याला मी 'पाव' म्हणतो."

"बरं मग?"

"म्हणजे, मी म्हणतो."

"वल्हव," ताई म्हणाली. "जळफळाटाचंही वजन होतं होडीत."

तिसऱ्या संध्याकाळी त्याने मधली जागा मागितली. चौथ्या दिवशी दोनदा मागितली. पाव म्हणाला, "तू टोकालाच बरा. हलका आहेस." इतकं लागेल असं किल्लीला आजवर कोणी बोललं नव्हतं.

शेवटच्या दिवशी उजाडता उजाडता तो एकटाच होडीपाशी गेला. होडीतली प्रत्येक बैठक चाकांवर मागेपुढे सरकते, आणि ती रुळांवरून निसटू नये म्हणून टोकाला एक स्क्रू असतो. मधल्या जागेचा स्क्रू त्याने काढून खिशात टाकला. कुणाला बुडवायचं नव्हतं. डॉक्टरने फक्त एकदा, पावाच्या देखत, दाणकन बुडावर आपटावं, एवढीच माफक इच्छा.

चहा पिऊन बाकीचे आले. डॉक्टर होडीत वाकला, सरळ झाला.

"किल्ली, आज तू मधे बस."

"का?"

"चार दिवस याचे किस्से ऐकून कान किटले माझे. सगळे तुझेच. किल्लीने हेडमास्तरांना कपाटात कसं कोंडलं, किल्लीला पोहायला शिकवणाराच कसा बुडत होता. माझ्यावर एक किस्सा नाही. खरं सांगू? मला राग यायला लागलाय तुझा."

ज्या खांद्यांवर किल्ली चार दिवस जळत होता, ते त्याच्याच किश्शांनी हलत होते. म्हणजे हिशेबाने तो स्वतःवरच जळत होता. त्याचा हात खिशात गेला. स्क्रू तिथेच होता. पण काढून दाखवायची सोय नव्हती.

"मी टोकालाच बरा," तो म्हणाला. "हलका आहे मी."

"चार दिवस डोकं खाल्लंस जागेसाठी," ताई म्हणाली. "बस."

तो बसला. तिसऱ्या वल्ह्याला बैठक निसटली आणि तो दाणकन आपटला.

"काय झालं रे?" पाव समोर बघतच म्हणाला.

"काही नाही!" किल्ली आणि मागून डॉक्टर एका सुरात म्हणाले.

किल्लीने बैठक पुन्हा बसवली. दहाव्या वल्ह्याला पुन्हा तेच. शेवटी ती पायांत ठेवून तो नुसत्या रुळांवर बसला. चौदा किलोमीटर. पाव मान वळवून किस्से सांगत होता, किल्लीला ते सगळे पाठ होते, आणि त्याचे खांदे हलत होते. कशाने, ते विचारू नये.

धक्क्यावर गर्दी होती. दवाखान्याच्या खिडक्यांतून मुलं टॉवेल हलवत होती. सगळे उभे राहिले, किल्लीला उठता येईना. दोघांनी बगलेत हात घालून त्याला उचललं, तेव्हा सगळ्यात जास्त यानेच वल्हवलं असं वाटून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

पावाने रिकामे रूळ पाहिले. मग किल्लीकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"दे."

किल्लीने स्क्रू दिला.

"चौथीत नवा मुलगा माझ्या शेजारी बसला, तेव्हा त्याच्या बाकाचा काढला होतास," पाव म्हणाला. "अजून तसाच आहेस."

"तो किस्सा याने मला निघायच्या आधीच सांगितला," डॉक्टर म्हणाला. "तेव्हापासून मी रोज सकाळी स्क्रू बघूनच बसायचो. चार दिवस होता. आज नव्हता."

"आणि मुकाट्याने याला बसवलंस?" ताईने विचारलं.

"म्हटलं ना, मला राग यायला लागला होता."

पण किल्लीला झोंबलं होतं ते वेगळंच. "तू याला आपला बाकाचा किस्सा सांगितलास?" तो पावाला म्हणाला. "आपला?"

पाव ओशाळला आणि नखाने स्क्रू बसवू लागला. उलटा फिरवत होता. दोन मिनिटं किल्लीने ते सहन केलं.

"सरक. दे इकडे."

तो होडीत गुडघ्यांवर बसला, कारण दुसऱ्या कशावर बसणं शक्य नव्हतं. डॉक्टरने बैठक धरून ठेवली.

"पुढच्या वर्षी मधे कोण?" डॉक्टरने विचारलं.

किल्लीने बराच विचार केला. "तूच बस," तो म्हणाला आणि स्क्रू दोन आटे जास्त आवळला.

डॉक्टरने तरी तो एकदा हलवून पाहिला.