मांडीवरची जागा

फिलेमू म्हणजे सामोअन भाषेत शांत. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! वाइतोआ गावच्या लाकडी बसचा हा ड्रायव्हर दिसायच्या आधी दोन गावं ऐकू यायचा. बसवर त्याने स्वतःच्या हाताने लाल-पिवळ्या रंगात नाव रंगवलं होतं, 'योनाचा मासा', बायबलातल्या योनाला गिळून किनाऱ्यावर ओकणारा. सकाळी माणसं गिळायची आणि राजधानी आपियाच्या बाजारात ओकायची, बस दुसरं करते काय, असं त्याचं म्हणणं. पाळक एलिसारांना हे नाव फारसं रुचलं नव्हतं, पण शहरात जायला तेही याच माशाच्या पोटात शिरत.

अशा या फिलेमूला पन्नाशीत डीकन, म्हणजे चर्चचा मानाचा सेवक, व्हायची हौस आली. वडील डीकन होते. त्यांचा पांढरा कोट खुंटीला टांगलेला होता आणि तो रोज त्याच्याकडे बघत असे.

"वर गेल्यावर देवाने विचारलं, तू कोण, तर काय सांगू?" तो बायकोला म्हणाला. "ड्रायव्हर? देवाला ड्रायव्हर कशाला लागतोय?"

सुलू तारोचे कंद सोलत होती. "सांगायला पोचशील का वेळेवर? चार ठिकाणी गप्पा मारत थांबशील."

तिने चेष्टा केली खरी, पण त्याच्या मनाला ते टोचत होतं. चर्चमध्ये प्रत्येकजण कुणीतरी होता. कुणी गायक, कुणी शास्त्र वाचणारा. हा मागच्या बाकावरचा हॉर्नवाला.

शेवटी पाळकांनी त्याला एक रविवार दिला. दारात उभं राहून लोकांना जागेवर बसवायचं. नीट जमलं तर डीकनांच्या यादीत नाव. नियम समजावले थोरल्या डीकनांनी, म्हातारबुवा लाउइनांनी. ते शेवटचे कधी हसले होते हे त्यांच्या बायकोलाही आठवत नसे.

"हसायचं नाही. बोलायचं नाही. हात कमरेच्या वर न्यायचा नाही. हे देवाचं घर आहे, तुझा बसस्टॉप नव्हे."

"हो, लाउइनाकाका."

"हे 'हो'सुद्धा मोठ्याने झालं."

आणि नेमका तोच रविवार सावांगावाल्यांचा निघाला. वादळाने शेजारच्या सावांगा गावच्या चर्चचं छप्पर उडवून नेलं होतं, म्हणून पाळकांनी त्यांना उपासनेला बोलावलं. आता या दोन गावांत नाताळपासून बोलणं बंद होतं. किरिकिटीच्या, म्हणजे सामोअन क्रिकेटच्या, सामन्यात सावांगाचा कप्तान पोउवी याने फटकावलेला चेंडू एका डुकराच्या पाठीवर आपटून वर उडाला आणि वाइतोआच्या पोराने झेलला. पंचांनी बोट वर केलं. पंच होते लाउइनाकाका. पोउवीचं म्हणणं, डुक्कर कुठल्याच संघात नव्हतं. वीस वर्षं फिलेमूच्या बसने गेलेले सावांगावाले तेव्हापासून अर्धा मैल चालून दुसरी बस पकडत.

पाहुणे आले ते शंभरावर. वाइतोआवाले बाकांवर ऐसपैस पसरून बसले होते, आपल्या शेजारी बायबल आणि बायबलशेजारी पंखा ठेवून. कुणी तसूभर हलेना. पांढऱ्या टोप्या घातलेल्या पाहुण्या म्हाताऱ्या दारातच उन्हात उभ्या राहिल्या. पोउवी भिंतीला टेकून लाउइनांकडे रोखून बघत होता आणि बाकावर बसलेले लाउइना छताकडे.

फिलेमू वडिलांच्या कोटात कोंबलेला उभा होता. हात कमरेशी, तोंड बंद. डोळ्यांनी त्याने आपल्या लोकांना खुणावलं, भुवया उडवल्या, शेवटी नाकानेही काही करून पाहिलं. सुलू बाकावरून कुजबुजली, "पोटात दुखतंय का रे?"

तेवढ्यात एक म्हातारी उन्हाने झोकांडी देऊन दाराची चौकट धरायला गेली. फिलेमूच्या डोक्यात सणक गेली. त्याच्या बसमध्ये इतक्या वर्षांत एकही म्हातारी उभी राहिली नव्हती. तीस माणसांच्या बसमध्ये एकमेकांच्या मांडीवर सत्तर बसली होती, पण उभी कुणी नाही.

"मागे सरका!" तो गरजला. हात आपोआप वर गेला आणि वडिलांचा कोट काखेत टर्रकन फाटला. "आज्यांना पुढे! बायका बायकांच्या मांडीवर, पुरुष पुरुषांच्या! पाय आत, टोप्या काढा, मासा भरतोय!"

कुणी विचार केलाच नाही. विचार करायला वेळ कुठे होता? वर्षानुवर्षांची सवय, आवाज कानावर पडताच ढुंगणं उठली. वाइतोआवाले मागे सरकले, तरण्या पोरी मांड्या रिकाम्या करून बसल्या, म्हाताऱ्या पुढच्या बाकांवर टेकल्या. दोन मिनिटांत दारात एकही माणूस उरला नाही. तेव्हा कुठे सगळ्यांना भान आलं आणि सगळ्यांनी एकाच दिशेने पाहिलं. पोउवी, दीडशे किलोचा ऐवज, लाउइनांच्या मांडीवर बसला होता.

फिलेमूची पाचावर धारण बसली. संपलं, त्याला वाटलं. डीकनकीही गेली आणि कोटही.

"जड होतोय का, पंचसाहेब?" पोउवीने विचारलं.

लाउइनांचा चेहरा वांग्यासारखा झाला होता. "ते डुक्कर," ते कसेबसे म्हणाले, "हलकं होतं."

आधी सुलू फिसकन हसली, मग अख्खं चर्च. पाळकांनी टेबलाचा आधार घेतला. उपासना झाली, एकमेकांच्या मांडीवर बसूनच झाली. प्रवचन लांबलं तेव्हा कुणीतरी बस थांबवायला ठोकतात तसं खांबावर टकटक केलं आणि पाळक सवयीने थांबले. म्हणाले, "कोण उतरतंय?"

फिलेमू मात्र हसत नव्हता. फाटक्या काखेला हात लावून तो दारात उभा होता. वाईट वाटत होतं त्याला. पोरका झाल्यासारखं वाटत होतं.

शेवटच्या प्रार्थनेत पाळक नेहमी सेवा करणाऱ्यांची नावं घेत. "प्रभू, तुझे डीकन लाउइना, तुझे डीकन तोमासी..." पाळक थांबले. फिलेमूने डोळे घट्ट मिटले.

"एक नाव राहिलं," लाउइनांचा दबका आवाज आला. पोउवीखालून जेवढा निघेल तेवढा. "दारातला."

"आणि तुझा ड्रायव्हर फिलेमू," पाळक म्हणाले, "कारण तुझ्या घरी कुणी उभं राहू नये."

फिलेमूने डोळे उघडले. मग त्याने तोंड उघडलं आणि असं आमेन म्हणाला, की दोन गावांना ऐकू गेलं.