वरच्याचं ताट

ताटाचा फोटो काढायचा आणि ताटाला हातही लावायचा नाही, ही कुठली रीत? वरच्याची ही सवय मोठीआईच्या डोळ्यांत खुपत होती. वरचा म्हणजे तिच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहणारा, विद्यापीठात शिकणारा पोरगा. कसलासा प्रबंध लिहीत होता. तो संपला की नावाआधी डॉक्टर लागायचं म्हणे. खोलीला पाच वर्षं झाली, प्रबंध काही संपेना. "हत्तीणसुद्धा इतके दिवस पोटात ठेवत नाही," मोठीआई सुनेला म्हणायची.

सुट्ट्या लागल्या तशी सगळी पोरं बॅगा भरून पळाली. खाणावळीला कुलूप लागलं, झेरॉक्सच्या दुकानांची शटरं पडली. हा मात्र जागचा हलला नाही. "सरांनी थांबायला सांगितलंय हो, मोठीआई." आणि रोज दुपारी ताटं वाढली की पाय घासत जिना उतरायचा.

"मोठीआई, एक फोटो घेऊ?"

पहिल्या दिवशी तिला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. आपल्या हातचं जगाला दाखवतोय, म्हणून तिने ताटाची कड पदराने पुसून दिली, भात चमच्याने सारखा केला. "जेव" मात्र म्हणाली नाही. भाडं खोलीचं, चुलीचं नव्हे, हा सासूबाईंपासूनचा नियम. भाडेकरूला एकदा वाढलं की तो घरचा होतो, आणि घरच्याकडे भाडं मागताना जीभ रेटत नाही.

पुढे पुढे तिला त्याची शिसारीच यायला लागली. शर्टाची कॉलर काळी, नखांत मळ, अंगाला ओल्या फडक्याचा वास. असला हात ताटावरून फिरला की तिचा घास तोंडात फिरायचा. त्यात आता जिन्यावरून दुर्गंधी उतरायला लागली.

"उंदीर मेला असेल," सून म्हणाली.

"उंदीर कुठला, वरचा सडलाय तुझा!"

एवढ्यात फोन वाजला. वरच्याची आई. खोली घेताना लेकाने दिलेला नंबर तिने जपून ठेवला होता.

"ताई, कसे उपकार फेडू तुमचे? रोज ताटाचा फोटो पाठवतो हो. कालची वांग्याची भाजी बघून मला तर रडूच आलं. घरी इतकं खात नव्हता. म्हणून तर सुट्टीत ये म्हणून हट्ट केला नाही मी. खातो ना नीट?"

सून मोठीआईच्या तोंडाकडे बघत होती.

"खातो की," ती म्हणाली. "भात दोनदा घेतो."

"यंदा डॉक्टर होतोय. सगळ्या नात्यागोत्यात सांगून झालंय माझं!"

फोन ठेवल्यावर तिला चूळ भरावीशी वाटली. आजवर कुणाच्या बापाला भ्यायली नव्हती ती, आणि आज बसल्या जागी धडधडीत खोटं बोलली होती, तेही एका पोराच्या घाणीवर झाकण घालायला. दुखरा गुडघा दाबत ती जिना चढली.

दार ढकललं आणि पदर नाकाला गेला. खिडकी बंद. पातेल्यातल्या भाताला तार सुटलेली, पावावर हिरवी लव, मोरीत न धुतलेल्या वाट्यांचा ढीग आणि त्यावर घोंगावणाऱ्या माश्या. मधोमध हा, कोरडी बिस्किटं खात, मांडीवर फोन.

"मोठीआई, तुम्ही कशाला आलात? मी आवरणारच होतो."

"किडे तुझ्याआधी आवरायला बसलेत. सरांनी थांबवलंय ना? बोलव तुझ्या सरांना, बघू देत."

त्याने बिस्किटाचा पुडा बाजूला सारला. "सर गावी गेलेत. प्रबंध परत पाठवला त्यांनी. निम्मा नव्याने लिहायचाय."

"मग घरी जाऊन लिही!"

"आईने सगळ्यांना सांगितलंय, मी यंदा डॉक्टर होणार म्हणून. काय तोंड दाखवू?"

"आधी धू, मग दाखव."

त्याला हसू आलं, आणि हसता हसता नाक वाहायला लागलं. त्याने ते बाहीला पुसलं. मोठीआई मागे सरली नाही. खिडकीची कडी ओढली, कोपऱ्यातली बादली पायाने त्याच्याकडे सरकवली.

"ऐक. तुझा प्रबंध परत आला, त्याची मला किळस नाही. मला त्यातलं अक्षर कळत नाही. किळस याची आहे की तुझी आई फोटो बघून ढेकर देत होती आणि तू इथे नासका भात कवटाळून बसलास. वर मलाही तिच्याशी फोनवर 'भात दोनदा घेतो' म्हणून खोटं बोलायला लावलंस. आता ही घाण काढ, अंघोळ कर, खाली ये आणि माझ्यासमोर भात दोनदा घे, म्हणजे माझा शब्द तरी खरा होईल. सकाळच्या गाडीने आईकडे जा आणि काय झालं ते तिच्या तोंडावर सांग. आणि जेवलास म्हणून घरचा झालास असं समजू नकोस. घरची माणसं इतकी गलिच्छ नसतात!"