सात नंबरचा दिवा

मृत्यूनंतर माणसाचे काय होते, हे पुणे शहरात खात्रीने सांगू शकेल असा मी एकटाच आहे. तो रजेवर जातो. सोमवारी परत येणार असल्याचे कळवतो, आणि मग तेच पुन्हा पुन्हा कळवत राहतो.

मित्रांनो, घाबरू नका. मी कोणी महाराज नाही. मी एक जुना हब आहे. तुम्ही मला पाहिले नसणार, आणि पाहिले असेल तर दार आपटू नये म्हणून खाली लावलेला ठोकळा म्हणून. पण एके काळी एरंडवण्यातल्या एका कार्यालयात सगळ्या संगणकांच्या वायरी माझ्यापाशी येत. मला आठ भोके आहेत. शिकलेले लोक त्यांना पोर्ट म्हणतात. प्रत्येक पोर्टावर एक बारीक हिरवा दिवा आहे. तिथून कोणी बोलले की तो लुकलुकतो.

माझा जन्म तैवानचा, पण कळू लागले ते बुधवार पेठेत, तापकीर गल्लीतल्या एका दुकानाच्या काचेमागे. तात्याराव मला घ्यायला आले. त्यांनी विचारले, "चालेल ना?" दुकानदार म्हणाला, "न चालायला काय झालं?" ही माझी गॅरंटी.

तात्यारावांनी तीस वर्षे टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली होती. पुढे देशाची दारे उघडली, टाइपरायटर भंगारात गेले आणि तात्याराव आयटीत गेले. अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून जे काही बोलत, त्याची ध्वनिफीत आमच्याकडे येई. आमची माणसे कानाला हेडफोन लावून ती टाइप करत आणि परत पाठवत. तिकडच्या माणसाचा गुडघा तिकडे दुखे, आणि त्याची नोंद इकडे आमच्या दुसऱ्या मजल्यावर होई. जाणारे-येणारे प्रत्येक अक्षर माझ्यातून जाई. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू वाहिले होते. तात्याराव पाहुण्यांना मला दाखवून म्हणत, "हा बंद पडला की अमेरिका बंद." इतके कौतुक मला नंतर कधी मिळाले नाही.

माझा स्वभाव साधा आहे. एका पोर्टातून ऐकले की उरलेल्या सातांना जसेच्या तसे सांगायचे. निरोप कोणासाठी आहे, ते मी पाहत नाही. ज्याच्या नावचा असेल तो संगणक घेतो, बाकीचे ऐकून न ऐकल्यासारखे करतात. जिन्यातला शेजारी असतो ना, तसा मी. फक्त मी पदरचे काही घालत नाही.

माझी फळी ज्या टेबलाच्या वर भिंतीला होती, ते सात नंबरचे टेबल रंगनाथचे. पन्नाशीचा, कमी बोलणारा, चहा बशीत ओतून पिणारा. त्याच्या शेजारी सुशीलाबाई बसत. त्या निवृत्त परिचारिका. डॉक्टर काय पुटपुटला, हे आमच्याकडे त्यांनाच कळे. दोघे डबा वाटून खात. सहा वर्षांत त्यांचे भांडण एकदाच झाले, ते साबुदाण्याच्या खिचडीत काकडी घालावी की नाही यावरून, आणि ते मिटले नव्हते.

दोन हजार चार सालच्या जुलैतला गुरुवार होता. रंगनाथ दुसऱ्या दिवशी नाशिकला भाचीच्या मुलाच्या बारशाला निघणार होता. त्याने आपल्या संगणकाला एक काम लावून दिले: कोणाचेही पत्र आले की आपोआप उत्तर द्यायचे. "मी रजेवर आहे. सोमवारी परत येईन. रंगनाथ." मूळ इंग्रजीत होते, मी तुमच्यासाठी मराठीत सांगतो आहे. मग तो चहाची वाट पाहत खुर्चीत रेलला. चहा आला, तेव्हा तो रजेवर गेलेला होता.

तिसऱ्या दिवशी सुशीलाबाई म्हणाल्या, "जागेवर दिवा ठेवायला हवा. तेरा दिवस विझता कामा नये."

आमची यंत्रे सांभाळणारा अनिरुद्ध छताकडे बघत म्हणाला, "मॅडम, वर स्मोक डिटेक्टर आहे, धूर लागला की पाणी सोडतो. दिवा लावलात तर सगळ्यांना शॉवर."

शेवटी तात्याराव म्हणाले, "त्याचा कॉम्प्युटर चालूच आहे. तोच दिवा समजा. उजेड पडतो ना त्याचा?"

तसे झाले. पडदा झोपी जाणार नाही, अशी सोय अनिरुद्धने केली. सुशीलाबाई रोज सकाळी त्याच्यासमोर एक फूल ठेवत. तेरा दिवस झाले. चौदाव्या दिवशी तो कोणी मालवायचा, हे ठरले नव्हते, आणि बैठक बोलवावी असा तो विषय नव्हता. संगणक चालू राहिला. फूलही येत राहिले.

पुढच्या आठवड्यात रिकाम्या आठ नंबरवर आम्रपाली आली. पुलगावची मुलगी, वारज्याला वसतिगृहात राहणारी, महिनाभराच्या बोलीवर घेतलेली. काम पसंत पडले तर कायम, नाही तर परत पुलगाव. तात्यारावांनी तिच्या नेमणुकीचे पत्र सगळ्यांना एकदम पाठवले: आमच्या माणसांना आणि आम्हाला काम देणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीलाही. यादीत रंगनाथचे नाव होते. ते काढायला तात्यारावांचा हात गेला नाही.

त्या दुपारपासून माझा सात नंबरचा दिवा लुकलुकू लागला, तो थांबेचना.

रिकाम्या खुर्चीसमोरून कोणीतरी बोलत होते. कंपनीच्या यंत्राने त्या पत्राची पोच यादीतल्या सगळ्यांना पाठवली: "पत्र मिळाले, आभारी आहोत." ती रंगनाथच्या नावावर आली. त्यावर उत्तर गेले: "मी रजेवर आहे. सोमवारी परत येईन." त्यावर कंपनीचे यंत्र म्हणाले, "पत्र मिळाले, आभारी आहोत." त्यावर रंगनाथ म्हणाला, "मी रजेवर आहे." प्रत्येक पत्राच्या शेपटीला आधीची सगळी पत्रे चिकटत होती, त्यामुळे ती फुगत गेली. दोन्हीकडे माणूस कोणी नव्हता. पण आदर पुष्कळ होता.

सोमवार आला आणि गेला. दुसरा आला. मी उरलेल्या सातांना सांगत होतो, सोमवारी परत येईन, सोमवारी परत येईन. सगळ्या संगणकांना ऐकू जात होते, आणि आपल्या नावचे नाही म्हणून ते टाकून देत होते. खोली माणसांनी भरलेली होती. एक गेलेला माणूस त्यांच्यामधून सारखा बोलत होता आणि मान वर करणारे कोणी नव्हते. मित्रांनो, मी प्लास्टिकचा आहे. तरीही सांगतो, मला ते सोसत नव्हते.

हळूहळू लोकांनाही काहीतरी जाणवू लागले. सात नंबरच्या टेबलाखालून गरम वारा येई. मेसेंजरवर रंगनाथच्या नावापुढे हिरवी खूण दिसे. एका टंकलेखिकेने धीर करून त्याला "हाय" पाठवले. उत्तर आले नाही, याचे तिला बरे वाटले की वाईट, ते तिलाच सांगता येईना. आणि इंटरनेट इतके संथ झाले की दहा मिनिटांत जाणारी फाइल अर्धा दिवस घेऊ लागली.

तात्यारावांनी तारखा जुळवून पाहिल्या. "ही आली त्या दिवसापासून लाइन बसली आहे. गाणी उतरवून घेता काय हो तुम्ही?"

"मी काहीच नाही करून राहिली, सर."

"'करून राहिली' नाही. 'करत नाही.'"

"तेच म्हणून राहिली, सर."

सप्टेंबरचा पहिला सोमवार उजाडला. महिन्याचे सगळे काम संध्याकाळी सहाच्या आत तिकडे पोहोचायचे होते. उशीर दोनदा झाला होता, तिसऱ्यांदा झाला तर काम जाणार होते. तात्याराव आठ नंबरपाशी येऊन अगदी शांतपणे म्हणाले, "सहापर्यंत गेलं नाही, तर आजचा चहा निरोपाचा समजा."

अनिरुद्धने आपले सगळे विधी केले. मोडेम बंद करून चालू केला. व्हायरस शोधला, मिळाला नाही, म्हणून दुसऱ्या औषधाने शोधला. लाइनवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, मोडेम बंद करून चालू करा. साडेचारला फाइल चार टक्के गेली होती.

आम्रपालीचे हात मोकळे होते, कारण तिच्या संगणकाला हात लावायची तिला बंदी होती. ती मान वर करून माझ्याकडे बघत बसली होती. इतक्या वर्षांत इतका वेळ माझ्याकडे कोणी पाहिले नव्हते.

"अनिरुद्धदादा, माझी वायर काढून टाका. मग बघू, मी आहे का ते."

त्याने आठची वायर उपसली. फाइल चार टक्केच राहिली. मग त्याने दोनची काढली, तीनची काढली, एकेकाची काढून लावली. फरक नाही.

"आता हा सात नंबर. हा बघा कसा करून राहिला. कोणाचा आहे हा?"

खोलीतले सगळे हेडफोन खाली आले.

"सातला हात लावायचा नाही," सुशीलाबाई म्हणाल्या. "तिथे दिवा आहे."

"दिवा नाही बाई. कोणीतरी बोलून राहिलं तिथून."

"ए, काही तरी बोलू नकोस!" अनिरुद्ध एकदम ओरडला. यंत्रे हा त्याचा विषय होता, भुते नव्हे.

आम्रपाली मागे हटली नाही. "बाई, मी नाही हात लावत. तुम्हीच बघा. त्यांची पत्रं तुम्ही वाचली तर चालते."

सुशीलाबाईंनी फूल बाजूला सरकवले. चष्मा लावला आणि रंगनाथची टपालपेटी उघडली. आत एकाखाली एक, संपतच नव्हती, हजारो पत्रे होती. मी रजेवर आहे. मी रजेवर आहे. त्या बघत असतानाच आणखी तीन गेली.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "हा महिनाभर सांगतोय."

तात्याराव जवळ आले होते. त्यांनी पहिले पत्र पाहिले, खाली स्वतःचीच सही पाहिली आणि घसा साफ केला. "सुशीलाबाई, तुमची हरकत असेल तर राहू दे. काम गेलं तर गेलं."

हे ते मनापासून म्हणाले. आम्रपालीने मात्र डोळे मिटले, कारण काम गेले तर पहिली कोण जाणार, ते तिला ठाऊक होते.

"नर्स होते मी," सुशीलाबाई म्हणाल्या. "यंत्र कधी बंद करायचं, ते कळतं मला." त्यांनी पडद्यावर तळहात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणाल्या, "रंगनाथ, पुरे आता. आणि काकडी घालतात." मग त्यांनी संगणक रीतसर बंद केला. तीस वर्षांच्या सवयीने मनगटावरचे घड्याळ बघून, कोणालाही उद्देशून नव्हे, त्या म्हणाल्या, "पाच वाजून बावीस मिनिटं."

माझा सात नंबरचा दिवा विझला. इतका शांत मी कधीच झालो नव्हतो.

फाइल पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी गेली. तात्यारावांनी आम्रपालीला कायम केल्याचे तिथेच जाहीर केले. "पत्र तुम्हीच टाइप करा. फक्त 'कायम होऊन राहिली' लिहू नका." ती हसली, आणि मग बराच वेळ रडली.

वर्षभराने माझ्या जागी स्विच आला. तो ज्याचे त्यालाच सांगतो. हुशार आहे. पण त्याच्या खोलीत कोणी गेलेला माणूस बोलत असेल, तर ते बाकीच्यांना कधीही कळायचे नाही.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. माणूस गेला की त्याचा चष्मा, त्याचा डबा, त्याची खुर्ची तुम्ही जपता, ती जरूर जपा. पण तो काय बोलायचे लावून गेला आहे, तेही एकदा बघा. दर सोमवारी त्याला परत यायला लावू नका.

आम्ही पाठवलेली ती फाइल तिकडे मंगळवारी उघडली. सोमवारी त्यांना सुट्टी होती. कामगार दिन. तिकडे तो सप्टेंबरात येतो.