अस्तरावरचा शब्द

देवाने पोटातलं ओठावर यायला हातभर वाट ठेवली खरी, पण थोरल्या जाऊबाईंच्या त्या वाटेवर कायम चार टाचण्या आडव्या धरलेल्या असत.

दोघी जावा मिळून कोट शिवायचं दुकान चालवत. थोरली कापायची, धाकटी शिवायची आणि दोघींच्या वाटचं बोलायचीही. जे वाटतं पण सांगता येत नाही, त्याला ती नावं शोधायची. पुरा झालेला कोट पुन्हा उसवावा लागला की होते ती 'उसवाळी'. कंबर कसून भांडायला जावं आणि समोरच्याने आधीच माफी मागावी, तेव्हा 'फुसरुस'. असा शब्द सुचला की ती खडूने अस्तराच्या उलट्या बाजूला लिहायची आणि शिवण घालून मिटवून टाकायची. मग तो देवाला ठाऊक आणि त्या दोघींना.

त्या दिवशी धाकटीला दुपारपर्यंत उत्तर कळवायचं होतं. शेजारच्या गावात तिला स्वतःचं दुकान मिळत होतं, पण थोरलीच्या होकाराशिवाय ती पाऊल उचलणार नव्हती.

"जाऊबाई, काय वाटतं तुम्हाला?"

"बाही आखूड वाटते."

"माझ्या जाण्याचं विचारतेय मी!"

"मी काय सांगणार? तुझं तू बघ."

धाकटी फणकाऱ्याने इस्त्रीकडे वळली. थोरलीने तिची पाठ फिरलेली पाहिली, खडू उचलला आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाच्या अस्तरावर आयुष्यातला पहिला शब्द लिहिला. वरून घाईघाईने शिवणही मारली.

तासाभराने बाई आल्या. कोट चढवून आरशासमोर उभ्या राहिल्या, पुढची बाजू उघडली आणि थबकल्या.

"हे काय? 'जानकोजा'! माप आहे की शिवी?"

तीस वर्षं कापडात काढलेल्या थोरलीने चक्क सुलट्या बाजूवर लिहिलं होतं. डोळे भरलेले असले की उलटं काय नि सुलटं काय!

बाईंनी एक बाही काढून अस्तर पुढे धरलं. धाकटीने वाचलं. आधी सलग, मग तोडून तोडून. "जा. नको. जा."

"जमला नाही मला," थोरली पुटपुटली.

"अहो, दोन 'जा' आणि एकच 'नको'. बहुमत झालं की!"

"दोन्ही 'जा' तुझ्यासाठी आहेत." थोरलीचा आवाज फुटला. "मधलं तेवढं माझं."

धाकटीने तिला घट्ट धरलं. एक बाही चढवलेल्या, एक लोंबती, अशा बाई मधेच अडकल्या.

"पुसून देते हं," थोरली म्हणाली.

"राहू द्या. लेक शनिवारी परगावी निघालीय माझी. घरी लागेल हा शब्द."

बाई गेल्यावर थोरलीने नाक पुसलं. "कळव त्या लोकांना. आणि मागची मशीन घेऊन जा. आधी तेल घालू. परक्या गावात कुरकुरली, तर नाव माझं जाईल."

"कोण, मशीन?"

"दोघीही."