पाठीमागचा आकडा

“शर्ट काढा, बाळाचे पप्पा. बनियन पण.”

संघपालने वरचं एक बटण काढलं आणि तो तिथेच थांबला. त्याची नजर काचेच्या पेटीशेजारच्या मॉनिटरवर खिळली होती. १४६. १४३. १४७. दुसऱ्या बटणापर्यंत बोटं पोचेनात.

अपेक्षा सिस्टरला अशा बापांची सवय होती. तिने खुर्ची ओढून पेटीजवळ आणली आणि नेमकी अशी वळवली, की बसणाऱ्याची पाठ मॉनिटरकडे आणि तोंड दाराकडे होईल.

“करुणाताईंचा बाळंतपणाचा ताप उतरेपर्यंत त्यांना इथं आणता येणार नाही,” ती म्हणाली. “आणि बाळाला अंगाची ऊब पाहिजे. छातीशी धरलं की श्वास घ्यायचं विसरत नाहीत ही पोरं. डॉक्टर बोललेत ना तुमच्याशी?”

“बोललेत. पण खुर्ची अशी उलटी का?”

“वायर तेवढीच लांब आहे.”

“मग मला आकडा दिसणार नाही.”

“आकडा मी बघते. तुम्ही बाळाला बघा.”

हे सांगणं सोपं होतं. मुलगी आठवा महिना लागायच्या आत आली होती आणि मधूनच श्वास घ्यायला विसरत होती. विसरली की ठोके खाली यायचे, मॉनिटर ओरडायचा, सिस्टर तळव्याला टिचकी मारायची आणि आकडा पुन्हा वर चढायचा. संघपाल ते सगळं मॉनिटरवरच बघायचा. लेकीचं नाक कुणावर गेलंय, असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

त्यात हा मॉनिटर त्याचाच होता. चिकलठाण्याच्या एका लहानशा कंपनीत तो असे मॉनिटर चालवणारे प्रोग्रॅम लिहायचा. त्यातही त्याच्या वाट्याला आलेलं काम एवढंसं, की लग्नाच्या बैठकीत सांगतानाही पंचाईत झाली होती: यंत्राकडून नवा ठोका आला की पडद्यावरचा आकडा पुसून तिथे नवा लिहायचा. कंपनीत मात्र ते ठोके कुणाच्याच काळजाचे नसत. कॉम्प्युटरच खोटे आकडे बनवून पाठवायचा आणि संघपाल चहा पीत ते बदलताना बघायचा.

त्याच्या आईने, मनकर्णाबाईंनी, पहिल्याच दिवशी बाहेरच्या बाकावरच्या सगळ्या बायकांना ऐकवलं होतं.

“आतली ती टीव्ही हाय ना, माझ्या लेकानं केलीय.”

“टीव्ही नाय ती, आई. अन् मी फक्त आकडे बदलायचं काम करतो.”

“व्हय? मग बदल की रे बाबा. लई खाली जायलेत मघापासून. वाढव जरा.”

बायका हसल्या नाहीत. तेव्हापासून आईच्या डोळ्याला डोळा देताना संघपालला चोरट्यासारखं वाटत होतं.

आकड्यांवरचा त्याचा विश्वास तसा आधीच उडाला होता. मागच्या वर्षी एकदा प्रोग्रॅम जुन्या ठोक्यांच्या हिशेबात असा गुंतला, की पडद्यावर नवा आकडा लिहायची फुरसतच मिळेना. ठोके येत होते आणि पडद्यावर १४० तसाच बसून होता. सगळे चहा पिऊन परत आले तरी तोच. “काय पेशंट आहे, अजिबात हलत नाही!” असं म्हणून मालक राजेंद्र सर हसले होते. संघपालही हसला. पण घरी जाताना क्रांती चौकातल्या सिग्नलला थांबला असताना त्याच्या मनात आलं, त्या जागी खराच पेशंट असता तर? दुसऱ्या दिवशी त्याने नियम घातला: नवा ठोका आला नाही तर जुना आकडा ठेवायचाच नाही, त्याजागी आडव्या रेघा दाखवायच्या.

“रेघा दिसल्या की गिऱ्हाईक बिचकतं,” राजेंद्र सरांनी फार समजावलं. “शेवटचा आकडा राहू दे. बरा दिसतो.”

“आत्ताचा नसेल तर तो आकडा खोटा आहे, सर.”

“तू फारच खरं बोलतोस, बाबा,” असं म्हणून सरांनी नाद सोडला होता.

“बसताय ना?” अपेक्षा सिस्टरने विचारलं.

संघपालने उरलेली बटणं काढली, बनियन काढलं आणि मॉनिटरकडे पाठ करून तो बसला. सिस्टरने पेटीतून मुलीला उचललं आणि त्याच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं. वरून दुपटं टाकलं.

पिशवीतल्या पाच-सहा मोसंब्यांचं असावं एवढंच वजन. त्यात हात होते, खांद्यावर बारीक लव होती, आणि कान तर जुन्या घडीच्या कागदासारखा दुमडलेला होता. ठोके मोजायला तळव्याला बांधलेल्या पट्टीतला लाल दिवा त्या पायातून आरपार दिसत होता. नाक करुणाचं होतं. संघपाल ते बघतच राहिला.

आधी त्याला स्वतःचेच ठोके ऐकू आले, ढोलासारखे. ते जरा निवल्यावर त्यांच्या खाली आणखी काहीतरी लागलं. बारीक, भराभर, एखादं बोट आतून दार वाजवावं तसं. त्याने श्वास रोखला. तेच होतं. ज्याचा आकडा तो इतकी वर्षं लिहीत आला होता, ते हे. इथे कुणी काही पुसत नव्हतं, लिहीत नव्हतं, कुणाच्या फुरसतीची वाट नव्हती, आणि तरी प्रत्येक ठोका कोरा करकरीत होता. एवढ्या मोठ्या गोष्टीला आपण आकडा म्हणत होतो, असं त्याच्या मनात आलं.

मुलीने पाय झाडला. पाठीमागे मॉनिटर ओरडला.

दाराच्या काचेपलीकडे मनकर्णाबाई उभ्या होत्या. त्यांना लेकाचा चेहरा दिसत होता आणि त्याच्या खांद्यावरून मॉनिटरही. आकडा गेला होता, नुसत्या रेघा. त्यांनी पदर तोंडात धरला आणि दुसऱ्या हाताने काच बडवायला सुरुवात केली.

संघपालची मान अर्धी वळली. पूर्ण वळायचं तर छाती वळणार होती, आणि छातीवर ती होती. त्याने मान पुन्हा पुढे आणली.

कोपऱ्यातल्या दुसऱ्या पेटीजवळून अपेक्षा सिस्टर धावत आली.

“रेघा आल्यात! थांबा, हलू नका.”

“पट्टी निसटली असेल, सिस्टर. सावकाश लावा. चालू आहे.”

त्याने पडदा पाहिला नव्हता. सिस्टरने दुपटं वर केलं. पट्टी खरंच खाली लोंबत होती, तिच्यातल्या दिव्याचा लाल उजेड जमिनीवर पडला होता.

काच अजून वाजत होती. संघपालने एक हात लेकीच्या पाठीवर ठेवला, दुसरा वर उचलला आणि आईला दिसेल असं एक बोट हवेत हलवायला लागला. टक, टक, टक, टक. भराभर, छातीला लागत होतं तसंच, एकही न गाळता.

मनकर्णाबाईंचा हात काचेवर थांबला. मागे सिस्टरने पट्टी बांधली, पडद्यावर आकडा परत आला. पण त्या लेकाच्या बोटाकडेच बघत राहिल्या.